ब्रिटनमध्ये हलकं विमान उडवताय? नियंत्रित हवाईक्षेत्र ओलांडायचं कसं, आणि त्याचे नियम बदलून घ्यायचे कसे

बारामतीला किंवा धुळ्याला विमान शिकून इंग्लंडला आलेल्या माणसाला इथलं आकाश सुरुवातीला फार मोकळं वाटतं. तिकडे फ्लाइट प्लॅन, हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक, टॉवरची परवानगी हे सगळं झाल्याशिवाय चाक हलत नाही. इथे गवताच्या पट्टीवरची सेस्ना काढायची, हवामान आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) बघायचे, उडायचं. क्लास जी, म्हणजे अनियंत्रित हवाईक्षेत्रात राहिलात तर कुणाची परवानगी लागत नाही. रेडिओसुद्धा एरवी सक्तीचा नाही.

हा मोकळेपणा दक्षिण इंग्लंडमध्ये जेमतेम वीस मिनिटं टिकतो. हीथ्रो, गॅटविक, लुटन, स्टॅनस्टेड, साउदॅम्प्टन, फार्नबरो अशा विमानतळांची नियंत्रित क्षेत्रं नकाशावर दाटीवाटीने बसली आहेत. हलकी विमानं, मायक्रोलाइट (अगदी छोटी, एक-दोन आसनी विमानं) आणि ग्लायडर (बिनइंजिनाची विमानं) त्यांच्यामधल्या फटींतून वाट काढतात. नवीन माणूस ही क्षेत्रं बघून बिचकतो आणि कायम वळसा घालायला शिकतो. मीही पहिलं दीड वर्ष तेच केलं.

नवख्या मराठी वैमानिकांना मला सांगायचंय ते हे, की वळसा घालणं हा नेहमीचा उपाय करू नका. परवानगी मागायला शिका, मिळाली नाही तर नोंद करा, आणि क्षेत्राच्या सीमा बदलायची वेळ येईल तेव्हा ती नोंद घेऊन बोला. जो वैमानिक कधी मागतच नाही, त्याची गरज कुठल्याच कागदावर येत नाही. मग नवीन सीमा आखणाऱ्यांना खरंच वाटतं की इथून कुणाला जायचंच नसतं.

पहिली पायरी: वर्ग समजून घ्या

आंतरराष्ट्रीय पद्धतीत हवाईक्षेत्राचे ए ते जी असे सात वर्ग आहेत. ब्रिटनमध्ये ए, सी, डी, ई आणि जी एवढेच वापरात आहेत. क्लास ए मध्ये व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बघून केलेलं उड्डाण, चालतच नाही. क्लास सी बहुतांशी फ्लाइट लेव्हल १९५ च्या (साधारण १९,५०० फुटांच्या) वर असतो, त्यामुळे आपल्या छोट्या विमानांचा त्याच्याशी संबंध येत नाही. आपला रोजचा प्रश्न असतो क्लास डी चा.

क्लास डी मध्ये आत जाण्याआधी रेडिओवरून स्पष्ट परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेत शिकून आलेले लोक इथे हमखास चुकतात. तिथे क्लास डी मध्ये नियंत्रकाने तुमचं कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) घेऊन उत्तर दिलं की दुतर्फा संपर्क झाला असं मानतात आणि आत जाता येतं. ब्रिटनमध्ये तेवढ्यावर भागत नाही. ‘स्टँडबाय’ म्हणजे परवानगी नव्हे. ‘पास युवर मेसेज’ म्हणजेही नव्हे. तुमच्या कॉलसाइनसकट आत येण्याची मंजुरी कानावर पडली आणि ती तुम्ही परत वाचून दाखवली, की मगच आत.

नियम बदलण्याच्या चर्चेत पुढे कामी येईल अशी एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. क्लास डी मध्ये आयएफआर (उपकरणांच्या आधारे उडणारी) आणि व्हीएफआर विमानांमध्ये ठरावीक मैलांचं किंवा फुटांचं अंतर राखायचं बंधन नियंत्रकावर नसतं. त्याने दोघांना एकमेकांची माहिती द्यायची असते, आणि विचारल्यास टाळायचा सल्ला. म्हणजे हलकं विमान आत आलं म्हणून जेटचा रस्ता बंद होत नाही. या वर्गाची रचनाच दोघांनी एकत्र वावरावं अशी आहे.

क्लास ई मध्ये व्हीएफआर विमानाला परवानगीच लागत नाही. याशिवाय दोन आवरणं असतात, टीएमझेड आणि आरएमझेड. टीएमझेडमध्ये ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारं यंत्र) चालू हवा, आरएमझेडमध्ये शिरण्याआधी रेडिओवर संपर्क हवा. ट्रान्सपॉन्डर किंवा रेडिओ नसेल तर आधी ठरवून वेगळी सोय करून घेता येते. ही दोन आवरणं म्हणजे संपूर्ण बंदी आणि संपूर्ण मोकळीक यांच्यामधला रस्ता आहे, आणि बदलाची मागणी करताना त्यांचा फार उपयोग होतो.

वर्ग कायमचे नसतात याचं उत्तम उदाहरण खुद्द लंडन आहे. हीथ्रोभोवतालचं लंडन नियंत्रण क्षेत्र अनेक वर्षं क्लास ए होतं. त्यामुळे तिथे खालून जाणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरला, अगदी लख्ख उन्हातसुद्धा, विशेष व्हीएफआर परवानगी घ्यावी लागायची. सप्टेंबर २०१४ मध्ये ते क्लास डी झालं. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाभोवती हे होऊ शकलं, तर बाकीच्यांना अशक्य म्हणायचं कारण नाही.

दुसरी पायरी: उंचीचा हिशोब हाताने करा

नकाशावर क्षेत्राचा तळ, म्हणजे ते ज्या उंचीपासून सुरू होतं ती उंची, कधी फुटांत दिलेला असतो, कधी फ्लाइट लेव्हलमध्ये. फुटांतला तळ समुद्रसपाटीपासून, म्हणजे तुमच्या क्यूएनएचवर (समुद्रसपाटीच्या त्या वेळच्या दाबावर) मोजायचा. फ्लाइट लेव्हल मात्र १०१३ हेक्टोपास्कल या ठरलेल्या दाबावर मोजतात, आणि नवखे इथेच फसतात.

समजा तुमच्या वर क्लास ए चा तळ फ्लाइट लेव्हल ५५ आहे. मनात ५,५०० फूट असं बसतं. पण त्या दिवशी कमी दाबाचा पट्टा आलाय आणि क्यूएनएच ९८३ आहे. फरक ३० हेक्टोपास्कलचा. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट धरले, तर तो तळ तुमच्या अल्टिमीटरवर (उंचीमापकावर) ४,६०० ते ४,७०० फुटांच्या आसपास उतरलेला असतो. ५,००० फुटांवर निवांत चाललेला माणूस क्लास ए मध्ये शिरलेला असतो आणि त्याला पत्ताही नसतो. निघण्याआधी कागदावर हा हिशोब करून नीबोर्डला (मांडीवर बांधायच्या पाटीला) लावा. फिरत्या नकाशाचं ॲप हा हिशोब करतं, ते जरूर वापरा, पण आकडा तुमच्या डोक्यातही असू द्या.

तिसरी पायरी: मार्ग आखताना दोन मार्ग आखा

एक आतून जाणारा, एक बाहेरून. दोन्हींचं इंधन, वेळ आणि उंची लिहून ठेवा. परवानगी नाकारली तर हवेत बसून नकाशाची घडी उलगडायची वेळ येता कामा नये.

बाहेरच्या मार्गासाठी इथे ‘टेक टू’ म्हणून एक सवय शिकवतात. सीमेपासून आडवे २ समुद्री मैल आणि उभे २०० फूट दूर राहायचं. सगळीकडे ते जमत नाही, फटी फार अरुंद आहेत, पण जिथे जमतं तिथे पाळा. ग्लायडरच्या मैदानांवरून जाऊ नका. विंचने (जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) ग्लायडर वर ओढतात तेव्हा पोलादी किंवा कृत्रिम दोर खूप उंचीपर्यंत जातो आणि तो हवेत दिसत नाही. नकाशावर त्या दोराची कमाल उंची छापलेली असते.

सीमेच्या बाहेरून जाताना ‘लिसनिंग स्क्वॉक’ वापरता येतो. नकाशावर दिलेला कोड ट्रान्सपॉन्डरवर लावायचा आणि त्या नियंत्रकाची फ्रीक्वेन्सी ऐकत राहायचं. काही बोलायचं नसतं. तुम्ही चुकून सीमेकडे सरकलात तर त्याला तुम्हाला हाक मारता येते. माझ्या मते नवख्यासाठी यापेक्षा स्वस्त सुरक्षा दुसरी नाही.

चौथी पायरी: परवानगी मागा

सीमेच्या निदान १० समुद्री मैल किंवा ५ मिनिटं आधी हाक मारा. सेस्ना १५२ साधारण ९० नॉटने (ताशी ९० समुद्री मैल) जाते, म्हणजे मिनिटाला दीड मैल. १० मैलांना सहा-सात मिनिटं मिळतात. नियंत्रक दुसऱ्या फोनवर असेल, फ्रीक्वेन्सी भरलेली असेल, त्यात दोन मिनिटं जातात. ३ मैलांवर येऊन मागितलं तर नकार मिळण्याची शक्यता आपणच वाढवतो.

पहिली हाक छोटी ठेवा. विमानतळाचं नाव, तुमचं कॉलसाइन, ‘रिक्वेस्ट झोन ट्रान्झिट’. एवढंच. त्याने ‘पास युवर मेसेज’ म्हटलं की मग क्रमाने सांगा: कॉलसाइन आणि विमानाचा प्रकार, कुठून कुठे, आत्ता कुठे आहात, किती उंचीवर, आणि काय हवंय. शेवटच्या भागाकडे लोक दुर्लक्ष करतात. ‘तुमच्या क्षेत्रातून जायचंय’ असं मोघम सांगू नका. कुठल्या ठिकाणाहून आत, कुठल्या ठिकाणाहून बाहेर, किती फुटांवर, हे एका वाक्यात आलं की नियंत्रकाला लगेच चित्र दिसतं आणि त्याला हो म्हणणं सोपं जातं. भारतीय उच्चारांची काळजी करू नका. हळू, सुटं आणि ठरलेल्या शब्दांत बोललात की कुणालाही समजतं. मी सुरुवातीला घरी आरशासमोर उभं राहून ही वाक्यं म्हणायचो.

पुष्कळदा तुम्हाला थेट धावपट्टीच्या डोक्यावरून, तिला काटकोनात, जायला सांगतील. नवख्याला हे उलटं वाटतं, सगळ्यांत गर्दीच्या जागी कशाला पाठवतात म्हणून. पण धावपट्टीच्या वर विमानतळाची विमानं जमिनीवर किंवा जमिनीलगत असतात, त्यामुळे २,००० फुटांवर तुम्ही त्यांच्यापासून सर्वांत लांब असता. चार-पाच मैल पुढे, उतरत्या किंवा चढत्या वाटेवर, तीच विमानं तुमच्या उंचीला आलेली असतात. मला पहिल्यांदा अशी परवानगी मिळाली तेव्हा डाव्या पंखाखाली एक जेट धावपट्टीवर रांगेत उभं राहताना दिसलं. दीड वर्ष ज्या क्षेत्राला मी टाळत होतो ते ओलांडायला चार मिनिटं लागली.

बाहेर पडल्यावर तुम्हाला बहुधा ‘बेसिक सर्व्हिस’ देतील. त्याचा अर्थ कुणीतरी रडारवर तुमच्यावर नजर ठेवून आहे असा होत नाही. इतर विमानं बघायची जबाबदारी तुमचीच. रडारवरून रहदारी सांगणारी सेवा हवी असेल तर ‘ट्रॅफिक सर्व्हिस’ नावाने मागा.

पाचवी पायरी: नकार मिळाला तर

वाद घालू नका. ‘रिमेन आउटसाइड कंट्रोल्ड एअरस्पेस’ हे परत वाचा आणि बाहेरचा मार्ग धरा. त्या क्षणी नियंत्रकाचा शब्द अंतिम.

पण वेळ, जागा, उंची आणि दिलेलं कारण नीबोर्डवर लिहून घ्या. घरी आल्यावर नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचा, म्हणजे सीएएचा, एफसीएस १५२२ हा अर्ज भरा. क्षेत्रात प्रवेश किंवा सेवा नाकारली गेल्याची नोंद करण्यासाठीच तो आहे. एका रविवारी निरभ्र हवेत, फ्रीक्वेन्सीवर जवळजवळ शांतता असताना, मला एका विमानतळाने कामाच्या ताणाचं कारण देऊन नाकारलं. मी वळसा घालून १,४०० फुटांवरून, गावं आणि जंगलाचे तुकडे चुकवत, घरी आलो. तेव्हा राग आला होता. अर्ज भरताना मात्र राग बाजूला ठेवला आणि फक्त घडलं ते लिहिलं. त्याचा कुणी लगेच जाब विचारत नाही. पण अशा नोंदी साठत जातात, आणि पुढच्या पायऱ्यांमध्ये त्यांना वजन येतं. खेदाची गोष्ट म्हणजे क्लबात चहाच्या कपाबरोबर तक्रार करणारे दहा आणि अर्ज भरणारा एक, असं प्रमाण मी पाहतो.

सहावी पायरी: तुमच्याकडून सीमा ओलांडली गेली तर

ताबडतोब नियंत्रकाशी बोला. लपवायला ट्रान्सपॉन्डर बंद करणं हा सर्वांत धोकादायक मार्ग आहे, कारण मग तुम्ही कुठे आहात आणि किती उंचीवर हे कुणालाच कळत नाही. अशा प्रत्येक घटनेची छाननी कॅप १४०४ (कॅप म्हणजे सीएएचं प्रकाशन) या पद्धतीने होते. साध्या पत्रापासून ऑनलाइन परीक्षा, एक दिवसाचा अभ्यासवर्ग, आणि गंभीर प्रकरणात परवाना तात्पुरता निलंबित करण्यापर्यंत पर्याय असतात. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला याची धास्ती बाळगायची गरज नाही.

सातवी पायरी: सीमा बदलतात कशा, ते जाणून घ्या

कुठल्याही विमानतळाला नवीन नियंत्रित क्षेत्र हवं असेल तर त्याला सीएएच्या ठरलेल्या प्रक्रियेतून जावं लागतं. जानेवारी २०१८ पासून ती कॅप १६१६ या नावाने ओळखली जाते. तिचे सात टप्पे आहेत: गरज मांडणं, पर्याय तयार करणं, मतं मागवणं, सुधारून सादर करणं, निर्णय, अंमलबजावणी, आणि अंमलबजावणीनंतरचा आढावा. प्रत्येक प्रस्तावाची कागदपत्रं सीएएच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येतात.

कायद्याचा आधारही माहीत असू द्या. ट्रान्सपोर्ट ॲक्ट २००० च्या कलम ७० नुसार सीएएने सुरक्षितता सर्वांत वर ठेवून हवाईक्षेत्राचा सर्वांत कार्यक्षम वापर आणि *सर्व प्रकारच्या* विमानांच्या चालक-मालकांच्या गरजा यांचा विचार करायचा आहे. सर्व प्रकारच्या, म्हणजे तीनशे प्रवाशांच्या जेटबरोबर दोन आसनी मायक्रोलाइटही. तुम्ही लिहाल त्या प्रत्येक उत्तराच्या पाठीशी हे कलम आहे.

फार्नबरोचं प्रकरण प्रत्येक नवख्याने समजून घ्यावं असं आहे. हॅम्पशायरमधला हा विमानतळ खासगी आणि व्यावसायिक जेट विमानांचा. त्याला स्वतःभोवती क्लास डी क्षेत्र हवं होतं. त्याच्याजवळ लॅशम हे ग्लायडिंगचं फार मोठं केंद्र आहे, आणि आजूबाजूला छोट्या धावपट्ट्यांवरून उडणाऱ्यांची मोठी वस्ती. ग्लायडर आणि हलक्या विमानांचं म्हणणं होतं की रहदारी उरलेल्या अरुंद पट्ट्यांत कोंबली जाईल आणि तिथे टकरीचा धोका वाढेल. जाहीर मतं मागवायला सुरुवात झाली २०१४ मध्ये, जुन्या कॅप ७२५ पद्धतीखाली. सीएएने जुलै २०१८ मध्ये मंजुरी दिली. लॅशमच्या ग्लायडिंग सोसायटीने उच्च न्यायालयात आव्हान दिलं, २०१९ मध्ये ते फेटाळलं गेलं, आणि २७ फेब्रुवारी २०२० रोजी नवीन क्षेत्र लागू झालं.

मला यातून दिसतं ते हे. न्यायालय नकाशा नव्याने आखत नाही, निर्णय घेण्याची पद्धत कायदेशीर होती का एवढंच ते तपासतं. त्यामुळे खरी लढाई मतं मागवण्याच्या टप्प्यात असते, आणि त्याच्याही आधी, रचनेची तत्त्वं ठरतात तेव्हा. नकाशावर रेषा पक्क्या झाल्यावर जागे होणाऱ्याच्या हाती फार थोडं उरतं.

आठवी पायरी: उत्तर असं लिहा की वाचणाऱ्याला काहीतरी बदलावं लागेल

‘आमचं स्वातंत्र्य हिरावू नका’ अशा वाक्यांची शेकडो पत्रं जातात आणि ती सगळी एका ओळीत गुंडाळली जातात. त्याऐवजी तुम्ही कोण, कुठून उडता, कुठलं विमान, आणि गेल्या वर्षी या भागातून किती वेळा गेलात हे लॉगबुकातून काढून लिहा. मग एक ठोस बदल मागा. अमुक भागाचा तळ १,५०० ऐवजी २,५०० फूट करा. डी ऐवजी ई आणि वर टीएमझेड करा. विमानतळ रात्री बंद असतो तर क्षेत्र चोवीस तास कशाला, ते त्याच्या वेळेपुरतंच ठेवा. ग्लायडर क्लबशी लेखी करार करून एखादा भाग ठरलेल्या दिवशी मोकळा करा.

तळाच्या उंचीचा मुद्दा आकड्यांनी मांडा, कारण तो जिवाशी जोडलेला आहे. एका इंजिनाचं छोटं विमान इंजिन बंद पडल्यावर साधारण १ ला ९ या प्रमाणात तरंगत उतरतं. जमिनीपासून १,००० फुटांवर असाल तर दीड समुद्री मैलाच्या आत शेत शोधायला हवं. २,००० फुटांवर असाल तर जवळपास ३ मैल मिळतात. अंतर दुप्पट, आणि निवडीसाठीचं क्षेत्रफळ चौपट. तळ हजार फुटांनी खाली आणणं म्हणजे त्याखालून जाणाऱ्या प्रत्येकाकडून ती निवड काढून घेणं. वाऱ्यात आणि वळताना यातलं आणखी कमी होतं, तेही लिहा.

दुसऱ्या बाजूचंही ऐका. जेटच्या मार्गात अचानक अनोळखी विमान आलं की नियंत्रकाला त्याला वळवावं लागतं, उड्डाणं थांबवावी लागतात, आणि त्या कॉकपिटमध्येही माणसं असतात. आपण दिसलो तर त्यांचं काम सोपं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने एडीएस-बी सारखी, विमानाची जागा इतरांना कळवणारी छोटी उपकरणं घेणाऱ्यांना निम्मी किंमत, जास्तीत जास्त २५० पौंड, परत देण्याची योजना काढली ती याच विचाराने. तुमच्या विमानात असं उपकरण असेल तर उत्तरात आवर्जून लिहा, ‘आम्ही दिसतो, मग भिंतीऐवजी टीएमझेड का नको?’ या प्रश्नाला मग वजन येतं.

आणि एकटे लिहून थांबू नका. लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन, ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशन, ब्रिटिश मायक्रोलाइट एअरक्राफ्ट असोसिएशन, एओपीए (विमानमालक आणि वैमानिकांची संघटना) यांपैकी तुमच्या विमानाशी जुळेल त्या संघटनेचे सभासद व्हा. त्यांची माणसं हे प्रस्ताव पानन् पान वाचतात आणि त्यांना तुमच्यासारख्यांच्या प्रत्यक्ष नोंदी हव्या असतात.

नववी पायरी: असलेलं क्षेत्र कमी करायला सांगा

पूर्वी नवीन क्षेत्र मागता यायचं, पण एकदा मिळालेलं परत कमी करायला विमानतळाने स्वतःच पुढाकार घ्यावा लागे, आणि तो कोण कशाला घेईल? २०१९ मध्ये सरकारने सीएएवर जबाबदारी टाकली की हवाईक्षेत्राच्या वर्गांचा नियमित फेरविचार करायचा आणि गरज वाटल्यास बदल स्वतःहून मांडायचा. त्याची पद्धत कॅप १९९१ मध्ये आहे. पहिला भाग निवडला तो कॉट्सवोल्डचा. ही वाट संथ आहे, पण हलक्या विमानांच्या दृष्टीने इतक्या वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा बदल मी याला मानतो.

तुमच्या भागात नुकतंच एखादं क्षेत्र लागू झालं असेल तर अंमलबजावणीनंतरच्या आढाव्याची तारीख आजच शोधून कॅलेंडरमध्ये घाला. साधारण वर्षभराच्या वापरावरून तो होतो. किती जणांनी प्रवेश मागितला, किती जणांना मिळाला, बाहेरची गर्दी वाढली का, हे त्यात तपासता येतं. त्या वर्षात महिन्यातून एकदा तरी, गरज असो नसो, त्या क्षेत्रातून जायची परवानगी मागा. मिळाली तर लॉगबुकात लिहा, नाकारली तर अर्ज भरा. आढाव्याच्या वेळी तुमच्याकडे बारा ओळींचा तक्ता असेल: तारीख, वेळ, उंची, उत्तर. तो जसाच्या तसा पाठवा.